पेडण्याची बस आणि कॉलेजची निवडणूक

चतुर्थीच्या मागेपुढे गोव्यातल्या कॉलेजांत विद्यार्थी मंडळाच्या निवडणुकांची धामधूम असते. आपल्यापैकी पुष्कळांची मुळे पेडणे-डिचोलीत. जुन्या मंडळींच्या गप्पांत १९६७ चा जनमत कौल आणि सिंहाची निशाणी अजून निघते, पण कॉलेजच्या निवडणुकीला कोणी इतिहास म्हणत नाही. तो पोरखेळच समजला जातो. मला मात्र या दोन तालुक्यांपुरते तरी ते पटत नाही.

पोर्तुगीज अमदानीत इथे निवडणूक लढवायला मुळात कॉलेजच नव्हते. पणजीत १८४२ पासून वैद्यकीय शाळा आणि १८५४ पासून लिसेव होते, पण नव्या काबिजादीतल्या मराठी शाळेत शिकलेल्या मुलाला ती दोन्ही दारे परकी. ऐपत असलेला सावंतवाडी, बेळगाव, कोल्हापूर किंवा मुंबई गाठी. बाकीच्यांचे शिक्षण गावच्या शाळेतच संपे. संघटना काढायची तर सालाझारच्या राजवटीत सरकारची परवानगी हवी आणि छापील कागदावर सेन्सॉरची नजर. मुक्तीनंतर १९६२ साली पणजीला धेंपे आणि मडगावला चौगुले कॉलेज निघाले, पुढच्या वर्षी म्हापशाला सेंट झेवियर्स. सगळी मुंबई विद्यापीठाला जोडलेली. वर्गप्रतिनिधी आणि जनरल सेक्रेटरी हे शब्द त्यांच्याबरोबरच आपल्या घरांत आले.

पण कॉलेज म्हापशाला आणि घर पेडण्याच्या आतल्या गावात. निवडणूक लढवायची म्हणजे तास संपल्यावर थांबायचे, कँटीनमध्ये बसायचे, चार वर्ग फिरायचे. गावची बस पकडायची असलेल्या मुलाला हे जमायचे कसे? शहरात राहणाऱ्या मुलाला संध्याकाळ मोकळी असे, याची बसच्या वेळापत्रकाला बांधलेली. शिवाय रोजचे जाण्यायेण्याचे भाडे. घरात दोन मुले शिकत असतील तर महिन्याचा हा खर्च शेतकऱ्याच्या घरी जाणवण्याइतका असे. कदंब महामंडळ १९८० साली आले. तोवर बस म्हणजे खाजगी बस.

म्हणूनच १९७८-७९ साली ऑल गोवा स्टुडंट्स युनियनने बसभाड्यात पन्नास टक्के सवलतीची मागणी लावून धरली, तेव्हा ती आपल्या तालुक्यांच्या अगदी जिव्हाळ्याची होती. मुख्यमंत्री होत्या शशिकलाताई काकोडकर, १९७२ साली डिचोलीतूनच विधानसभेत गेलेल्या. त्यांचे वडील भाऊसाहेब बांदोडकर पेडण्याचे. मराठी शाळा गावोगाव पोचवल्या त्या याच बापलेकीच्या पक्षाच्या सरकारांनी. त्या शाळांतून वर आलेली मुले आता त्याच सरकारविरुद्ध रस्त्यावर उतरली होती. सिंहाला मत देणाऱ्या घरात जेवणाच्या पाटावर काय बोलणी झाली असतील, याची कल्पना करायला फार डोके लागत नाही. ‘ज्यांनी तुला शिकवलं, त्यांच्यावरच दगड?’ असे विचारणारा बापही खरा आणि ‘मग बसचे पैसे कोण देणार?’ असे विचारणारा मुलगाही खरा.

यात एक गोष्ट विसरली जाते. तेव्हा मतदानाचे वय एकवीस होते. ते अठरावर आले १९८९ साली. म्हणजे आंदोलनातल्या बहुतेक मुलांना डिचोलीत ताईंच्या बाजूने किंवा विरुद्ध मत देण्याचा अधिकारच नव्हता. त्यांच्या हातात असलेली मतपत्रिका एकच, कॉलेजची. तिच्यातून निवडलेल्या पोरांनी मोर्चे काढले आणि सवलत अखेर पदरात पडली. एप्रिल १९७९ मध्ये सरकारही पडले. ते पक्षातल्या फुटीमुळे, बसभाड्यामुळे नव्हे. आंदोलनाला उगाच जास्तीचे श्रेय देऊ नये.

१९८५ साली गोवा विद्यापीठ सुरू झाले आणि मुंबईशी असलेले नाते सुटले. त्यानंतर साखळीला सरकारी कॉलेज आले, डिचोलीला नारायण झांट्ये कॉलेज, आणि पेडण्यात विर्नोड्याच्या सरकारी कॉलेजला तर संत सोहिरोबानाथ आंबिये यांचे नाव मिळाले. मत तालुक्यात आले. उमेदवार बसच्या वेळेत घरी जाऊन पुन्हा लढू लागला, आणि मुलीही. महाराष्ट्रात याच काळात उलट झाले: १९८९ साली मुंबईत ओवेन डिसोझा या विद्यार्थ्याचा खून झाला आणि १९९४ च्या कायद्याने निवडणुकीऐवजी गुणांवर प्रतिनिधी नेमणे सुरू झाले. २०१६ च्या कायद्याने त्या कागदावर परत आणल्या.

गोव्यात पद्धत टिकली, पण ती दुहेरी आहे. कॉलेजातले मत वर्गप्रतिनिधीसाठी, जनरल सेक्रेटरीसाठी आणि विद्यापीठ प्रतिनिधीसाठी, ज्याला सगळे ‘यूएफआर’ म्हणतात. विद्यापीठाचे विद्यार्थी मंडळ मात्र हे यूएफआर निवडतात, सामान्य विद्यार्थी नव्हे. मूठभर मतांची निवडणूक म्हटली की पक्षांचे लक्ष तिकडे जाणारच. २००६ साली लिंगडोह समितीच्या शिफारशी सर्वोच्च न्यायालयाने लागू केल्या: खर्च पाच हजारांपर्यंत, छापील पोस्टर बंद, हाताने लिहिलेलेच चालेल, पंच्याहत्तर टक्के हजेरी हवी. हस्तलिखित पोस्टरचा नियम मला फार आवडतो. ब्रश आणि रंग घेऊन बसलेल्या मुलांचे शुद्धलेखन तरी त्या निमित्ताने चारचौघांना दिसते.

विर्नोड्याहून निवडून आलेला यूएफआर विद्यापीठ मंडळाच्या मतदानासाठी अजूनही ताळगावच्या पठारावर जातो. पेडणे, म्हापसे, पणजी; रस्ता तोच.