यंत्राचा धनी आणि खेळाचा कर्ता

श्रोतेहो, आपल्या आठवडी बाजारात भाजी घेऊन बसणाऱ्या बाईला जागेची बैठकी द्यावी लागते. माल तिचा, जागा दुसऱ्याची. आपल्या घरांतील मुले टीव्हीला यंत्र जोडून जे व्हिडिओ गेम खेळतात, त्यांच्या धंद्याचा इतिहासही अशाच दोघांचा आहे. एक यंत्राचा धनी, दुसरा खेळाचा कर्ता.

१९७७ साली अमेरिकेतील अटारी कंपनीने आपले यंत्र विकावयास काढले, तेव्हा यंत्र तिचे आणि खेळही तिचेच. खेळ रचणारे पगारी नोकर. डब्यावर त्यांचे नावही नसे. त्यांपैकी चौघे बाहेर पडले आणि १९७९ मध्ये ॲक्टिव्हिजन ही स्वतंत्र कंपनी निघाली. अटारीने दावा लावला. १९८२ मध्ये तडजोड होऊन अटारीला स्वामित्वधन द्यावयाचे ठरले. कर्ता मोकळा झाला.

परंतु पाठोपाठ सुमार खेळांचा पूर आला, गिऱ्हाईक विटले आणि १९८३ मध्ये अमेरिकेतील हा बाजारच बसला. न खपलेला माल अटारीने न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात पुरला. २०१४ मध्ये तो उकरून काढण्यात आला.

ह्यावरून धडा घेऊन जपानच्या निन्टेन्डोने दाराला कुलूपच घातले. १९८५ पासून अमेरिकेत विकलेल्या तिच्या यंत्रात, परवान्यावाचून केलेला खेळ चालू नये अशी चिप बसविली होती. कर्त्याला वर्षाकाठी पाचच नवे खेळ काढता येत. त्यांच्या कॅसेटी निन्टेन्डोकडूनच करवून घ्याव्या लागत.

हे कुलूप सैल झाले ते मुख्यतः दुसरे दार उघडले म्हणून. १९९४ मध्ये सोनीने स्वस्त तबकडीवर चालणारे प्लेस्टेशन आणले. निन्टेन्डोसाठी खेळ करणारी स्क्वेअर कंपनी सोनीकडे गेली आणि १९९७ मध्ये ‘फायनल फँटसी’चा सातवा खेळ तिने प्लेस्टेशनवर काढला.

आपल्याकडे, पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स ह्या लहान संस्थेने पुराणकथांच्या आधारे ‘राजी’ रचला. ऑगस्ट २०२० मध्ये तो प्रथम निन्टेन्डोच्या स्विच यंत्रावर आला, आणि दोन महिन्यांनी इतर यंत्रांवर.

जागा राखणाऱ्याने बैठकी मागितली ह्यात अन्याय नाही. बाजार एकच उरला म्हणजे अन्यायाला वाट होते. उद्या आपल्या भद्रावतीची मुले खेळ रचतील, तेव्हा सही करण्यापूर्वी दुसऱ्या बाजाराची वाट मोकळी राहते ना, एवढे पाहावयास आपण त्यांस सांगावे.