आवाजाचा तोल

इतिहास म्हटला की राजे, लढाया, तह आणि चळवळी डोळ्यांपुढे उभ्या राहतात. या सर्वांच्या मुळाशी माणसाचा आवाज असतो. पण तो क्षणात विरून जातो, म्हणून इतिहासकार त्याची दखल क्वचितच घेतो. सभेत पुढारी काय बोलले हे कागदावर राहते. ते शेवटच्या रांगेत ऐकू आले की नाही, हे राहत नाही. या व्याख्यानात आम्ही त्याच दुर्लक्षित बाजूकडे वळणार आहोत. विषय दिसायला लहान आहे. व्यासपीठाच्या कोपऱ्यात, टेबलावर, पाटाएवढी एक पेटी असते. तिच्यावर बटणांच्या रांगा असतात आणि एखादा तरुण तिच्यापुढे बसलेला असतो. तिला मिक्सर म्हणतात. नाव स्वयंपाकघरातल्या मिक्सरचेच, पण हिचे काम वाटून एकजीव करण्याचे नव्हे. अनेक आवाज एकत्र आणूनही प्रत्येक वेगळा ओळखू यावा, हे तिचे काम.

आमचे म्हणणे आधीच सांगून टाकतो. आवाज मोठा करणे ही एक गोष्ट आणि आवाज तोलणे ही दुसरी. आपण खानदेशकरांनी पहिली विद्या झटकन उचलली. दुसरीकडे मात्र अजून पुरेसे लक्ष दिलेले नाही.

यंत्र नव्हते तेव्हा काय होते, ते प्रथम पाहू. न्यायमूर्ती रानड्यांच्या पुढाकाराने पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू झाली ती १८७५ साली. त्या काळी वक्त्याजवळ स्वतःच्या छातीवाचून दुसरे साधन नव्हते. आमच्या देवळांतल्या कीर्तनातही तसेच. तरीदेखील तेथे तोल नव्हता असे कोणी समजू नये. वारकरी कीर्तनात बुवा पुढे उभे राहतात, टाळकरी मागे रांगा धरतात, मृदंग बाजूला असतो. कोणी कोठे उभे राहावे याची ही जी रीत आहे, तिच्यात आवाजाचा हिशेब दडलेला आहे. ज्याचे शब्द कळले पाहिजेत तो श्रोत्यांना जवळ, ज्याचा नाद आपोआप पोचतो तो दूर. अंतर हाच तेव्हाचा मिक्सर होता.

संगीत रंगभूमीनेही हेच केले. नारायणराव राजहंस म्हणजे बालगंधर्व यांचे गाण्याचे आरंभीचे शिक्षण जळगावी महेबूबखाँ यांच्याजवळ झाले, ही आपल्या गावाला अभिमानाची गोष्ट आहे. १९०५ साली ते किर्लोस्कर मंडळीत गेले. त्यानंतरची कितीतरी वर्षे नाट्यगृहातल्या शेवटच्या प्रेक्षकाला पद ऐकू जायचे ते नटाच्या कमावलेल्या गळ्याच्या जोरावर. साथीदारांनी आपली वाद्ये त्या गळ्याखाली ठेवायची, हा त्यांचा धर्म. तोलाची जबाबदारी माणसांनीच वाहिलेली होती.

आवाज टिकविण्याचा प्रश्न मात्र याहून कठीण होता. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर प्रवचने दिली. २१ फेब्रुवारीपासून १९ जूनपर्यंत, दर रविवारी एक याप्रमाणे अठरा अध्याय झाले. ऐकणारे बंदिवान आणि लिहून घेणारे सानेगुरुजी! गुरुजींची लेखणी तेथे नसती तर ‘गीता प्रवचने’ हे पुस्तक महाराष्ट्राच्या हाती पडले असते काय? असोद्याच्या लेकीची, बहिणाबाई चौधरींची गोष्टही हीच. घरकाम आणि शेतकाम करता करता त्या गाणी रचीत. सोपानदेवांसारखा मुलगा घरात होता, म्हणून ती कागदावर उतरली आणि त्यांच्या निधनानंतर १९५२ साली पुस्तकरूपाने निघाली. ज्यांच्या घरी सोपानदेव नव्हते, अशा किती बायांच्या ओव्या जात्याबरोबर थांबल्या असतील! धुळ्याचा तो वक्ता आणि असोद्याची ती कवयित्री आपल्याला मिळाली ती लेखणीमुळे. हा धागा आम्ही पुढे पुन्हा हाती घेणार आहोत.

आता यंत्राकडे येऊ. १९१५ साली अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्को येथे जेन्सन आणि प्रिडहॅम या दोघांनी आपला लाउडस्पीकर लोकांपुढे वाजवून दाखविला. त्याला त्यांनी नाव दिले ‘मॅग्नाव्हॉक्स’. लॅटिन भाषेत त्याचा अर्थ मोठा आवाज. १९१९ साली सॅन दिएगोच्या मैदानात अध्यक्ष विल्सन यांनी सुमारे ५०,००० लोकांपुढे या यंत्राच्या साहाय्याने भाषण केले. वक्त्याची छाती आणि सभेचा आकार यांचा हजारो वर्षांचा संबंध तेथे तुटला. आपल्या देशात १९३० नंतरच्या दशकात काँग्रेसच्या मोठमोठ्या सभांतून मोटवाने यांच्या ‘शिकागो रेडिओ’चे कर्णे दिसू लागले.

त्याच दशकात खानदेशने केवढी सभा पाहिली! २७ आणि २८ डिसेंबर १९३६ रोजी फैजपूर येथे काँग्रेसचे अधिवेशन भरले. खेड्यात भरलेले हे पहिलेच अधिवेशन. अध्यक्ष पंडित नेहरू, नगराची मांडणी नंदलाल बोस यांची, राबणाऱ्यांत धनाजी नाना चौधरी आघाडीवर. पूर्व खानदेशाच्या शिवारातून माणसे गाड्या जुंपून आली आणि मेळावा लाखाच्या घरात गेला. एवढ्या समुदायाला एका गळ्याने पुरे पडणे माणसाच्या शक्तीबाहेरचे आहे. खेड्यातला माणूस राजकारणात आला, याचा एक अर्थ असाही आहे की, राजकारणाचे बोलणे आता त्याच्या कानापर्यंत पोचणे भाग पडले. ज्याला ऐकूच येत नाही, तो जयजयकार करील. मत कसे बनवील?

एक वक्ता आणि एक मायक्रोफोन असेल तोवर मिक्सरची गरज नसते. ती निर्माण झाली नभोवाणीच्या केंद्रांत. मुंबईचे नभोवाणी केंद्र २३ जुलै १९२७ रोजी सुरू झाले. नभोनाट्यात चार पात्रे, संगीत, दाराचा आवाज. गाण्यात गायक, तंबोरा, तबला. प्रत्येकाचा विद्युत्प्रवाह कमीजास्त करून एकाच वाटेने बाहेर सोडावा लागतो. त्यासाठी जी फिरती बटणे बसविली, तीच मिक्सरची पूर्वज होत. आपल्या जळगावात आकाशवाणी केंद्र आले ते १९७६ साली. पूर्वी या कामाला निर्वात नळ्यांची तापणारी, वजनदार कपाटे लागत. ट्रान्झिस्टर आला, त्यामागून त्याहून सूक्ष्म मंडले आली आणि कपाट आक्रसून पाटाएवढे झाले. आज कोणत्याही मंडळाला, शाळेला, भजनी मंडळाला ते परवडते.

परवडते, पण वापरावे कसे? येथे थोडे तपशिलात शिरणे अवश्य आहे. कारण तोलाची विद्या तपशिलातच आहे.

मायक्रोफोनमधून निघणारा प्रवाह फार क्षीण असतो. साध्या बोलण्याला एकदोन मिलिव्होल्ट. मिक्सरच्या पोटात त्याला सुमारे एक व्होल्टपर्यंत, म्हणजे शेकडो पटींनी वाढवावे लागते. हे काम प्रत्येक रांगेच्या अगदी वरच्या बटणाचे. त्याला गेन म्हणतात आणि तेच सर्वांत महत्त्वाचे. कमी ठेवले तर पुढे कितीही वाढवा, आवाजाबरोबर सळसळ वाढते. जास्त ठेवले तर आवाजाचे शेंडे छाटले जातात आणि बोलणे फाटते. जळगावच्या सराफ कट्ट्यावर तराजू आधी शून्यावर आणतात, मग सोने तोलतात. तसेच हे आहे. वक्त्याला त्याच्या नेहमीच्या जोराने चारदोन वाक्ये बोलायला सांगावे. कोणी सहायक येऊन ‘हॅलो, हॅलो, वन, टू, थ्री’ पुटपुटतो, त्यावर विसंबू नये. खालची सरकपट्टी आणि मुख्य पट्टी शून्याच्या खुणेवर ठेवावी. वक्ता जोरात बोलला की दर्शक शून्याच्या आसपास यावा, तांबडा दिवा मात्र लागू नये. गेन एवढ्यावर ठरवून सोडावा. सभागृहात आवाज कमीजास्त हवा तर तो पुढे अँप्लिफायरवर बेतावा आणि सभा चालू असताना सरकपट्टीनेच सांभाळावा.

मधली तीन बटणे खर्ज, मध्य आणि तार यांची. नवशिक्याचा हात तिन्ही वाढविण्याकडे जातो. जाणता माणूस आधी कमी करून पाहतो. आपल्याकडे चैत्र-वैशाखात पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीस अंशांवर जातो, म्हणून सभागृहात कूलर आणि पंखे घोंघावत असतात. त्यांची घरघर मुख्यतः खर्जात असते. बहुतेक मिक्सरवर सुमारे ८० ते १०० हर्ट्‌झच्या खालचा नाद गाळणारे एक बटण असते. भाषणासाठी ते दाबावे. शब्दाचे काही बिघडत नाही, घरघर पुष्कळशी जाते. कंडेन्सर जातीच्या मायक्रोफोनला ४८ व्होल्टचा पुरवठा मिक्सरमधूनच द्यावा लागतो. तो देताना सरकपट्टी खाली असावी. सुरू करताना आधी मिक्सर, शेवटी अँप्लिफायर. बंद करताना आधी अँप्लिफायर, मग मिक्सर. हा क्रम उलटला की धाडकन आवाज होतो आणि स्पीकरला इजा पोचते.

आता सभेची ती सुप्रसिद्ध शिट्टी! लाउडस्पीकरमधून निघालेला आवाज पुन्हा मायक्रोफोनमध्ये शिरतो, वाढतो, पुन्हा बाहेर पडतो, पुन्हा शिरतो. या फेऱ्याचे नाव शिट्टी. यावरचे उपाय बहुतेक बटणांबाहेरचे आहेत. लाउडस्पीकर वक्त्याच्या पुढे आणि श्रोत्यांकडे तोंड करून ठेवावेत. मायक्रोफोन तोंडापासून वीतभर असावा. तोंड आणि मायक्रोफोन यांतील अंतर निम्मे केले की सहा डेसिबल आवाज अधिक मिळतो, तोही फुकट. आणि जो मायक्रोफोन वापरात नाही तो मिटवावा. उघड्या मायक्रोफोनांची संख्या दुप्पट झाली की शिट्टीपूर्वीची मोकळीक तीन डेसिबलने घटते. प्रास्ताविक करणारे, पाहुणे, अध्यक्ष, आभार मानणारे अशा सहा जणांपुढे सहा मायक्रोफोन उघडे ठेवले की एकाचेही धड ऐकू येत नाही, हा अनुभव कोणत्या गावाला नाही?

एक सूक्ष्म गोष्ट आहे, तीत आमच्या विषयाचे सार आहे. मिक्सर सभागृहात आवाजाची भर घालू शकतो. मुळात होत असलेला आवाज कमी करू शकत नाही. लहान देवळातल्या भजनात टाळांपुढे मायक्रोफोन ठेवून मग त्याची पट्टी खाली ओढण्यात अर्थ नाही. टाळ तसेही ऐकू येतात. मायक्रोफोन द्यायचा तो म्हाताऱ्या बुवांना, पेटीला आणि मागून ओवी म्हणणाऱ्या बाईला. ज्याचा आवाज आधीच पोचतो त्याला यंत्र नको. ज्याचा पोचत नाही त्याला हवे. जुने टाळकरी हे न शिकता जाणत होते. आम्ही यंत्र आणले आणि ते जाणणे सोडले.

याचा परिणाम आपण रस्तोरस्ती ऐकतो. मिरवणुकीत स्पीकरच्या भिंती उभ्या राहतात, छाती हादरते आणि शब्द एकही कळत नाही. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री दहा ते सकाळी सहा या वेळात लाउडस्पीकरला मनाई केली, वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घातली. २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने शांततेचा नागरिकांचा हक्क ठामपणे सांगितला. नियम योग्यच आहेत. पण नियम फार तर मोठेपणाला आळा घालील. तोल शिकविणे हे नियमाचे काम नव्हे, ते समाजाचे काम आहे.

म्हणून आमच्या तीन सूचना आहेत. पहिली, प्रत्येक व्याख्यानमालेने मिक्सरवर बसणारा माणूस तयार करावा. भाड्याने सामान आणणाऱ्या पोऱ्याला कोपऱ्यात बसवून चालणार नाही. त्याला शेवटच्या रांगेत जाऊन ऐकण्याची मुभा आणि तेवढा मान हवा. दुसरी, एक मायक्रोफोन श्रोत्यांसाठी राखावा. व्यासपीठावरचा आवाज हजार लोकांना ऐकू जातो आणि प्रश्न विचारणाऱ्या बाईचा शेजारच्या खुर्चीपर्यंतही जात नाही, ही सभा एकतर्फी झाली. प्रश्नाच्या वेळी ती एक पट्टी वर सरकवायला कष्ट पडत नाहीत, इच्छा लागते.

तिसरी सूचना मघाच्या धाग्याशी जोडलेली आहे. आजच्या लहान मिक्सरवर ध्वनिमुद्रणाची वाट असते. एका तारेने संगणक जोडला की झाले. अहिराणीतल्या ओव्या, कानबाईची गाणी, वह्या गाणाऱ्यांची परंपरा ज्यांच्या गळ्यात आहे, ती माणसे आता थकत चालली आहेत. सानेगुरुजींजवळ लेखणी होती; आपल्याजवळ त्याहून मोठे साधन आहे, कारण ते शब्दांबरोबर सूर, श्वास आणि हेलही धरते. मात्र गेन जास्त ठेवून फाटलेले मुद्रण मागाहून पूर्ववत होत नाही. ते गाणे म्हणणारी आजी पुढच्या वर्षी असेलच, याची हमी कोण देणार?

धुळे-जळगावच्या शाळांतून, ग्रंथालयांतून, महिला मंडळांतून अशी पाटाएवढी पेटी आणि ती जाणणारी दोन माणसे असावीत, एवढेच आमचे मागणे आहे. खर्च एखाद्या मिरवणुकीच्या एका रात्रीच्या भाड्याहून अधिक नाही. आवाज मोठा करण्यात आपण कोणाच्या मागे नाही, हे आपण सिद्ध केले आहे. आता कोणाचा आवाज पोचत नाही ते ओळखावे आणि त्याची पट्टी हळूहळू वर सरकवावी.