यानाका : भूकंपातून वाचलेली वस्ती

मंडळी, आज जरा लांबची गोष्ट. टोकियोत यानाका नावाची छोटी वस्ती आहे. अरुंद बोळ, लाकडी घरं आणि पावलोपावली बौद्ध मंदिरं. १९२३ चा भूकंप आणि १९४५ चे बॉम्बहल्ले, दोन्ही वेळा शहराचा मोठा भाग जळाला, पण यानाका बरीचशी वाचली. तिथला पाच मजली लाकडी पॅगोडाही तरला. पण १९५७ मध्ये एका जोडप्याने आत्महत्या करताना लावलेल्या आगीत तो गेला. आता दफनभूमीत नुसते पायाचे दगड उरलेत.

पुढे जुनी घरं पडू लागली. तेव्हा १९८४ मध्ये मोरी मायुमी आणि आणखी दोघींनी, घरची पोरंबाळं सांभाळत, एक त्रैमासिक काढलं. यानाका, नेझू, सेन्दागी या तीन शेजारी वस्त्यांचं, म्हणून 'यानेसेन'. त्यात काय छापलं? म्हाताऱ्यांच्या आठवणी, जुनी दुकानं, सार्वजनिक न्हाणीघरं. आमच्या धंद्यात याला कोणी बातमी म्हणणार नाही! ते २००९ पर्यंत चाललं. आज लोक त्या अख्ख्या भागालाच यानेसेन म्हणतात.

मी आपल्या गावातला वाडा पाडल्याची बातमी दिली होती. आत राहणाऱ्या आजींशी मात्र बोललो नाही. आता त्या नाहीत.

तुमच्या आळीत कोणी ऐंशी पार असेल तर कळवा. वही घेऊन येतो.