राजा, पार्लमेंट आणि 'शतपत्रां'तील अमेरिका

अमेरिकन वसाहतींचा रोष मुळात राजावर नव्हता. 1765 च्या स्टॅम्प कायद्यापासून वाद पार्लमेंटशी होता : जेथे आपला प्रतिनिधी नाही, त्या सभेने कर का बसवावा? जुलै 1775 मध्येही वसाहतींनी तिसऱ्या जॉर्जकडे विनंतीअर्ज धाडला. तो अव्हेरला गेला आणि 1776 च्या जाहीरनाम्यात राजाच आरोपी ठरला. अर्जाचे आरोपपत्र झाले. संबोधन राजाकडून जगाकडे वळले.

लोकहितवादींनी 1848 पासून 'प्रभाकर'मध्ये लिहिलेल्या पत्रांत या दोन्ही अवस्था एकत्र आढळतात. राणीकडे अर्ज करून येथे पार्लमेंट मागावे, हा एक विचार. जुलूम वाढल्यास लोक अमेरिकेप्रमाणे स्वतंत्र होतील, हा दुसरा. वसाहतींना जाचक ठरलेली संस्था येथे इष्ट ठरते, हा भेद लक्षणीय आहे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, या पत्रांचे संबोधन ना राणीला, ना जगाला. ते मराठी वाचकाला आहे. स्वातंत्र्य येथे त्याच्या ज्ञानार्जनावर अवलंबून आहे. म्हणून लोकहितवादी राजनिष्ठ की द्रष्टे, हा आपल्या समीक्षेतील जुना वाद अपुरा वाटतो. अर्ज आणि फारकत या त्यांच्या लेखी एकाच युक्तिवादाच्या दोन पायऱ्या होत्या.