दोन हजार ओहमपासून बत्तीस ओहमपर्यंत

हेडफोन अ‍ॅम्प्लिफायरपेक्षा वयाने मोठा आहे. माझ्या दुरुस्तीच्या टेबलापाशी येणाऱ्या मुलांना हे पटत नाही. त्यांच्या लेखी अ‍ॅम्प पहिला, हेडफोन त्याच्या मागून आलेला. पण अमेरिकेतल्या यूटामध्ये नथॅनिएल बाल्डविनने १९१०च्या सुमारास घरच्या स्वयंपाकघरात हेडफोन तयार करून अमेरिकन नौदलाकडे पाठवला, तेव्हा आवाज मोठा करणारे व्हॉल्व्ह रोजच्या वापरात आलेलेच नव्हते. नौदलाने चाचणी घेतली, माल पसंत पडला, मागणी आली. तर पठ्ठ्याने कळवलं की एका वेळी दहाच करून देता येतील, कारखाना म्हणजे तेच स्वयंपाकघर! पुढे खरा कारखाना उभा राहिला, १९२०च्या दशकात दिवाळं निघालं आणि टपालातून फसवणूक केल्याच्या खटल्यात तो तुरुंगातही जाऊन आला. कारागीर अव्वल, व्यवहारात कच्चा. असे लोक आमच्या धंद्यात पुष्कळ.

अ‍ॅम्पच नाही म्हटल्यावर हेडफोनची जुळणी कशाशी करायची? तर थेट हवेतून आलेल्या लहरीशी. मुंबईत २३ जुलै १९२७ला इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचं केंद्र सुरू झालं तेव्हा ज्यांना व्हॉल्व्हचा रेडिओ परवडत नव्हता ते क्रिस्टल सेटवर ऐकायचे. वर्षाला दहा रुपये लायसन्स, एक लांब एरियल, एक खडा, खड्यावर टेकवलेली बारीक तार, आणि कानाला हेडफोन. बॅटरी नाही, वीज नाही. एरियलने पकडलेली ऊर्जा हीच काय ती कमाई. ती इतकी तुटपुंजी की तिच्यातून पडदा हलवायचा तर केसासारख्या तारेचे हजारो वेढे चुंबकाभोवती द्यावे लागत. वेढे वाढले की ओहम वाढले, म्हणजे तारेचा विजेला होणारा विरोध. म्हणून त्या काळचे हेडफोन २०००, ४००० ओहमचे. त्या सेटला आजचा ३२ ओहमचा हेडफोन लावलात तर जवळजवळ काहीच ऐकू येणार नाही.

पुण्यात बुधवार पेठेत ज्यांच्या हाताखाली मी काम शिकलो, त्या मालकांकडे असा एक बेकेलाइटचा जोड होता. ते मीटर शेवटी लावायचे. आधी हेडफोन कानाला, मग दीड व्होल्टच्या सेलला दोन्ही वायरी क्षणभर टेकवायच्या. ‘खट्’ असा कोरडा, भरीव आवाज आला तर कॉइल ठीक. मेंगळट आवाज आला तर चुंबक उतरलेलं किंवा पडदा चिकटलेला. आवाजच नाही तर कॉइल तुटलेली. मीटर फक्त कॉइल सलग आहे का ते सांगतो. चुंबक उतरलंय, हे त्याला कळत नाही.

घरात गाणं ऐकण्यासाठीचा स्टिरिओ हेडफोन त्यामानाने कालचा. मिलवॉकीच्या जॉन कॉसने १९५८मध्ये एक छोटा रेकॉर्ड प्लेअर विकायला काढला आणि त्यासोबत हेडफोन दिला. प्लेअर बाजूला राहिला, लोक हेडफोनच मागायला लागले. १९६८मध्ये जर्मनीच्या सेनहायझरने पिवळ्या स्पंजचा एचडी ४१४ आणला. मागून उघडा, हलका, आणि तब्बल २००० ओहमचा. कुठल्याही यंत्राला लावा, यंत्रावर ओझंच पडत नाही. स्टुडिओतले हेडफोन बरीच वर्षं ६०० ओहमचे असत, कारण टेलिफोनच्या तारांपासून चालत आलेला ६०० हा आकडा स्टुडिओच्या सगळ्या जोडण्यांत मुरलेला होता.

आता खरी गंमत सांगतो. सत्तर-ऐंशीच्या दशकातले ते चकचकीत, जड अ‍ॅम्प आठवा. त्यांच्या हेडफोनच्या भोकामागे बहुतेक वेळा वेगळा अ‍ॅम्प नसतोच. स्पीकरकडे जाणारी तार उचललेली असते आणि मध्ये दोन-चारशे ओहमचा रेझिस्टर टाकलेला असतो. संपलं. मी असे कितीतरी अ‍ॅम्प उघडलेत. त्या काळच्या ६०० किंवा २००० ओहमच्या हेडफोनला त्याने काही बिघडत नव्हतं.

मग १ जुलै १९७९ला सोनीचा वॉकमन बाजारात आला. दोन पेन्सिल सेल, म्हणजे तीन व्होल्ट, त्यातून बाहेर पडणार जेमतेम एक. एक व्होल्ट २००० ओहममध्ये अर्धा मिलिवॉट देतो, ३२ ओहममध्ये एकतीस. खिशातल्या यंत्रापुढे ओहम खाली आणण्यावाचून पर्याय नव्हता, आणि एकदा खाली आलेले आकडे तिथेच राहिले.

पण जुने अ‍ॅम्प कुठे गेले होते? १९९६च्या आंतरराष्ट्रीय मानकातसुद्धा हेडफोनच्या भोकामागे १२० ओहम असावेत अशी शिफारस होती. आता हिशोब करा. हेडफोनवर ३२ ओहम छापलेले असले तरी पडदा ज्या खर्जाच्या सुराला आपणहून थरथरतो, तिथे तो ७० ओहमसुद्धा दाखवू शकतो. मागे १२० असले तर मधल्या सुरांना यंत्राच्या व्होल्टेजचा एकवीस टक्के वाटा मिळतो आणि त्या खर्जाला सदतीस. फरक जवळजवळ पाच डेसिबलचा. तबल्याचा डग्गा गाणाऱ्याच्या डोक्यावर बसतो. हाच प्रयोग ३०० ओहमच्या हेडफोनवर करा, तो खर्जात ५००पर्यंत चढला तरी फरक एका डेसिबलच्या आसपास. यंत्राच्या ओहमपेक्षा हेडफोनचे निदान आठपट असावेत, असा आमच्यातला ठोकताळा इथूनच आला.

जुळणी बरोबर आहे का, ते ऐकून बघायला मी तंबोरा वापरतो. मिरजेचा असेल तर उत्तम. तिथले कारागीर जवारी लावताना घोडी कानसने हळूहळू घासतात, तार आणि घोडी यांच्यामध्ये सुताचा दोरा सरकवतात आणि प्रत्येक वेळी तार छेडून ऐकतात. त्या कामात कानाला पर्याय नाही. अशा तंबोऱ्याचं चांगलं रेकॉर्डिंग लावलं की खर्जाच्या तारेतून उठणारे वरचे सूर मोकळे सुटताहेत की खालच्या घुमण्यात बुडताहेत, ते लगेच कळतं. पाश्चात्त्य ड्रमच्या दणदणाटात हे लपून जातं.

कानावर भरवसा ठेवा असं मी सांगतो, पण कान आवाजाच्या पातळीला फसतो, हेही सांगतो. बेल लॅब्जच्या फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३मध्येच दाखवलं की आवाज वाढला की खालचे आणि वरचे सूर कानाला जास्त भरतात. दुकानदार महागडा अ‍ॅम्प दाखवताना आवाज चिमूटभर वाढवतो, गिऱ्हाईक म्हणतं, “वा, काय खुललाय!” म्हणून दोन अ‍ॅम्प ताडून बघताना हेडफोन लावलेला ठेवूनच जॅकपाशी मल्टिमीटर धरायचा, चारशे हर्ट्झचा सूर सोडायचा आणि दोन्हीकडे व्होल्ट सारखे करायचे. मग मित्राला अ‍ॅम्प बदलायला बसवायचं, कुठला चालू आहे ते न सांगता. असं केल्यावर हजारांचा फरक शेकड्यावर आलेला मी पाहिलाय. कधी उलटंही होतं. जुळणी खरोखर चुकलेली असली तर मित्राने जागचं हलायच्या आत कळतं.

२०१६नंतर फोनमधून जॅक जायला लागले. ब्लूटूथच्या हेडफोनमध्ये अ‍ॅम्प आतच बसवलेला असतो, पडद्याशी जुळवून, कारखान्यातच. ओहम कोणी विचारत नाही. असले जे माझ्या टेबलावर येतात त्यांची तक्रार एकच, बॅटरी फुगली आहे, काका, उघडता येईल का? बहुतेक चिकटवलेले असतात. न मोडता उघडत नाहीत.