तोंडी लावण्यापलीकडे

ताटाच्या डाव्या बाजूला चमचाभर वाढायच्या पदार्थावर आख्खे पुस्तक कशाला, असे वाचकांना वाटले तर नवल नाही. जवसाची चटणी आमच्या देगलूरकडे इतकी रोजची, की तिच्याविषयी काही विचारावे असेही कुणाच्या मनात येत नाही. तरीही थोडा वेळ द्यावा, एवढीच विनंती.

अशा साध्या चवीचा अभिमान इतरत्रही आहे. योहान कॉनराड डेव्हले यांनी १८५४ साली म्युनिकमध्ये गोडसर मोहरी आणली. बव्हेरियात पांढऱ्या सॉसेजसोबत आजही तीच लागते. पूर्व जर्मनी हा देश १९९० साली इतिहासजमा झाला, पण तिथल्या बाउट्झेन गावाची मोहरी घराघरांत टिकली.

आमच्याकडेही सीमा हलली. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत नांदेड जिल्हा मुंबई राज्यात आला, मात्र देगलूर तालुक्यातील बिचकुंदा आणि जुक्कल ही मंडळे आंध्र प्रदेशात गेली. तालुका तुटला, जवस दोन्हीकडे राहिले. संस्कृतातील अतसी ती मराठीत अळशी, कन्नडमध्ये अगसे, तेलुगूत अविसे.

या टिकून राहण्याचे मूळ शेतात आहे. पाऊस सरल्यावर काळ्या जमिनीत जी ओल उरते, तिच्यावरच रब्बीची ज्वारीही येते आणि निळ्या फुलांचे जवसही. भाकरी आणि चटणी यांची सोयरीक अशी रानातच जुळलेली असते.

नवख्या वाचकांनी सुरुवात मात्र चुलीपासून करावी. मूठभर जवस मंद आचेवर तडतडेपर्यंत भाजा. भिजल्यावर बुळबुळीत होणारा हा दाणा भाजताच खमंग होतो. लसूण, लाल तिखट, जिरे, मीठ घालून कुटलात की तेल सुटू लागेल. याच तेलामुळे चटणी लवकर खवट होते. म्हणून ती आठ-पंधरा दिवसांपुरतीच करायची. त्या तेलात निम्म्याच्या आसपास ओमेगा-३ असते, हे प्रयोगशाळेने पुढे सांगितले. ते प्रकरण शेवटी वाचलेत तरी चालेल.

मग घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा, त्या जवसाला काय म्हणतात. आणि कधी देगलूरच्या बाजारात गेलात, तर अळशी मागा, अगसे मागा, नाहीतर अविसे. माप एकाच पोत्यात बुडेल.