फोनला घरातला पीसी सापडत नाही? डिस्कला दोष देण्याआधी हे तपासा

आमच्या घरी एकाच वायफायवर तीन तऱ्हेची उपकरणं आहेत: माझा अँड्रॉइड फोन, दादाचा विंडोज लॅपटॉप आणि कोपऱ्यात स्क्रीनशिवाय चालणारा जुना लिनक्स पीसी. आजीने म्हटलेल्या ओव्यांची रेकॉर्डिंग्ज फक्त त्या पीसीवर होती. राउटर बदलला आणि फोनमधलं फाइल अ‍ॅप म्हणू लागलं, ‘सर्व्हर सापडला नाही’. दादा म्हणाला, “डिस्क गेली असेल, फॉरमॅट मारून बघ.” मी तयारही झालो होतो. सहज त्याच्या लॅपटॉपवर पाहिलं, तर तेच फोल्डर लगेच उघडलं!

म्हणजे पीसी ठणठणीत होता. फोनला फक्त त्याचा पत्ता मिळत नव्हता.

असं का होतं?

आपण पीसीचं नाव टाकतो, पण नेटवर्कला लागतो आयपी पत्ता, उदा. १९२.१६८.१.७. नावावरून पत्ता शोधायची प्रत्येकाची पद्धत वेगळी असते. नुसतं नाव दिलं की फोन डीएनएसला, म्हणजे बहुतेक घरांत राउटरला, विचारतो. आमचा जुना राउटर घरातल्या उपकरणांची नावं लक्षात ठेवायचा, नवा ठेवत नाही. विंडोज मात्र राउटरकडून उत्तर आलं नाही तर नेटबायोससारख्या पद्धतीने थेट नेटवर्कवर हाक मारतो, ‘या नावाचं कोण आहे?’ माझ्या पीसीवरच्या सांबाने त्या हाकेला ओ दिली.

या क्रमाने तपासा

१. राउटरच्या पानावर जोडलेल्या उपकरणांची यादी बघा आणि पीसीचा आयपी टिपून घ्या.

२. फोनच्या अ‍ॅपमध्ये नावाऐवजी तो आयपी टाका. फोल्डर उघडलं, तर घोळ फक्त नावाचा आहे. पायरी ४ वर जा.

३. नाही उघडलं, तर फोन गेस्ट वायफायवर आहे का ते बघा. गेस्ट नेटवर्कवरून घरातली इतर उपकरणं सहसा दिसत नाहीत. तसं नसेल, तर पीसीचं फायरवॉल आणि शेअरिंग तपासा.

४. फोनच्या सेटिंगमध्ये ‘प्रायव्हेट डीएनएस’ला एखादा ठरावीक सर्व्हर दिला असेल, तर फोन राउटरला विचारतच नाही. ते ‘ऑटोमॅटिक’ करा.

५. नावापुढे ‘.लोकल’ जोडून बघा (टाइप इंग्रजीतच करायचं). ही एमडीएनएसची पद्धत. लिनक्सवर त्यासाठी ‘अवाही’ चालू असावं लागतं. जुन्या अँड्रॉइडवर हे बहुधा चालत नाही.

कायमचा उपाय

राउटरमध्ये ‘अ‍ॅड्रेस रिझर्व्हेशन’ शोधा आणि पीसीला एकच आयपी बांधून द्या. मग अ‍ॅपमध्ये तोच आयपी सेव्ह करा. नाव सापडो न सापडो, काम अडत नाही. मी हेच केलं.

आणि हो, आधी आजीच्या ओव्यांची दुसरी कॉपी पेनड्राइव्हवर घेतली. तुमचंही असं काही एकाच ठिकाणी पडून असेल, तर आजच कॉपी करा.